हवा कमी हाय!

सायकलचे टायर ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात: हवा भरलेले आणि बघणाऱ्याच्या मते हवा कमी असलेले. रुंद आणि लवचिक टायर पुरेशी हवा भरूनही दुसऱ्या प्रकारात मोजला जातो. असा टायर बसवलेली सायकल कोल्हापूर-हुपरी रस्त्याने गडमुडशिंगीत शिरली, की ‘हवा कमी हाय!’ ही सूचना मोटारसायकलवरून, उसाच्या ट्रॉलीवरून आणि चहाच्या टपरीवरून, अशी तिन्ही उंचींवरून विनामूल्य मिळते. सूचना देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि निदान चुकलेले असते.

रुंद हा शब्द सापेक्ष आहे. शर्यतीच्या सायकलला, म्हणजे रोड बाइकला, बरीच वर्षे २३ मिलिमीटर रुंदीचा टायर असे. अंगठ्याएवढ्या त्या टायरवर अख्खा माणूस तोलला जाई आणि तो मानही दुखवून घेई. अशा सायकलला ३२ मिलिमीटर म्हणजे रुंद आणि ३८ ते ४२ म्हणजे चांगलाच रुंद. माउंटन बाइकचे दुखणे उलटे. तिचा २.१ इंचाचा टायर मुळातच ५३-५४ मिलिमीटर असतो. पण त्यावर रबराचे जाड गठ्ठे, खाली राठ कापड आणि बाजूच्या भिंती चामड्याच्या पट्ट्यासारख्या. म्हणजे रोड बाइकला रुंदी मिळवून द्यायची असते आणि माउंटन बाइकला मऊपणा. दोघींचे मागणे वेगळे असले तरी दोघींना शेवटी एकच टायर आवडतो.

गरज कुठून निर्माण होते हे पाहण्यासाठी गडमुडशिंगीचा भूगोल पुरेसा आहे. करवीर तालुक्यातले हे गाव कोल्हापूर शहराला जवळजवळ लागून आहे. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला विमानतळ. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाची धावपट्टी वाढवायची ठरली तेव्हा गावची जमीन गेली. परिसरातले सर्वांत गुळगुळीत डांबर आता त्या धावपट्टीवर आहे आणि तिथे सायकलला प्रवेश नाही. २३ मिलिमीटरच्या टायरला जसा रस्ता लागतो तसा रस्ता गावाच्या जमिनीवर झाला, पण तो विमानांना मिळाला. उरलेल्या रस्त्यांवर गतिरोधक, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेल्या चरी, बुजवताना राहिलेले उंचवटे आणि गाळपाच्या हंगामात ट्रॉलीतून सांडलेले ऊस असतात. अरुंद टायर यांतल्या प्रत्येकाची नोंद घेतो आणि ती मणक्यामार्फत मेंदूला कळवतो.

हवेच्या टायरची महती या भागात बैलगाडीपासून सांगता येते. जुन्या गाडीच्या चाकाला तुंबा, आरे आणि सगळ्यांत वर लोखंडी धाव असे. धाव अरुंद आणि कडक. ती मऊ जमिनीत रुतायची, कडक जमिनीवर आपटायची आणि दोन्हीचा हिशेब बैलाच्या मानेवर चढायचा. साखर कारखान्यांकडे ऊस जाऊ लागला तसतशी रबरी चाकांची टायरगाडी रुळली. तोच बैल जास्त ओझे ओढू लागला. रुंद आणि हवेने भरलेले चाक कमी ओढ घेते, हे कळायला बैलाला प्रयोगशाळा लागली नाही.

माणसाला मात्र लागली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले आणि जगाने ते विसरून टाकले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. डनलॉपचा धंदा जनावरांच्या डॉक्टरचा. चाकाच्या प्रश्नात बैलाची बाजू त्याला आधीच ठाऊक असावी.

त्यानंतर दोन परंपरा निर्माण झाल्या. एक साधी, काळी, दांडीची सायकल. कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, नाहीतर वैरणीचा भारा, पुढे दांडीवर नातू, आणि टायरवर छापलेले माप २८ × १½. हाच टायर आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजला तर ४० मिलिमीटर रुंद भरतो. दुसरी परंपरा शर्यतीची. तिथे टायर बारीक होत गेला, कारण बारीक टायरमध्ये हवा ठासून भरता येते, ठासलेला टायर दगडासारखा लागतो आणि दगडासारखा लागणारा टायर वेगवान वाटतो. वाटतो एवढेच. खडखडणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलेल्यालाही आपण फार जोरात चाललो आहोत असे वाटते. काटा मात्र चाळीसवर असतो.

फ्रान्समध्ये सेंत-एतिएन इथल्या पॉल द व्हिव्ही याने ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने रुंद, मऊ टायरची बाजू लढवली. तो १९३० साली वारला आणि त्याचे म्हणणे शर्यतवाल्यांनी त्याच्याबरोबरच निकालात काढले. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ मासिकाच्या यान हाइने याने गुळगुळीत ड्रमऐवजी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसाला बसवून टायर तपासले. रुंद आणि लवचिक टायर खडबडीत रस्त्यावर हळू नसतो, हे त्यातून दिसले. मग व्यावसायिक शर्यतीतले टायरही २३ वरून २५, २५ वरून २८, आणि पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर ३० च्या पुढे गेले. सगळे जग अशा रीतीने खर्च करत करत गडमुडशिंगीच्या दूधवाल्याच्या दिशेने निघाले आहे. अजून ते पोहोचलेले नाही.

रुंद टायर हळू का नसतो, याचे कारण असे: टायर चालताना शक्ती दोन ठिकाणी वाया जाते. पहिली जागा टायर स्वतः. जमिनीला टेकणारा भाग क्षणभर दबतो आणि पुन्हा गोल होतो. या वाकण्यात रबर आणि कापड तापते. दुसरी जागा सायकलवर बसलेला माणूस. टायर दबला नाही तर खड्ड्यावर अख्खी सायकल उचलली जाते, माणूस थरथरतो, मांड्या-पोटऱ्यांतले मांस एकमेकांवर घासते आणि तिथेही उष्णता निर्माण होते. ही उष्णता सकाळी खाल्लेल्या भाकरीतून वजा होते. अरुंद, कडक टायर पहिला खर्च वाचवल्यासारखे दाखवतो आणि दुसऱ्या खात्यावर टाकतो. सहकारी संस्थेचा ताळेबंद वाचलेल्या कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

लवचिकपणा कापडातून येतो. टायरच्या रबराखाली धाग्यांचा थर असतो आणि इंचाला किती धागे, यावर त्याची प्रत ठरते. साध्या टायरला ६० किंवा त्याहून कमी, चांगल्याला १२०, तलम सुती कापडाच्या टायरला ३०० च्या वर. ‘इंचात धागे किती?’ हा प्रश्न युरोपातल्या सायकलस्वाराला पुस्तकातून शिकावा लागतो. इचलकरंजीत तो यंत्रमागाशेजारी झोपणाऱ्या पोरालाही येतो. फरक एवढाच, की टायरचे कापड आडवे-उभे विणलेले नसते. विणले तर धागे एकमेकांवर घासून तुटतात, म्हणून एका थरातले सगळे धागे समांतर आणि वरच्या थरातले त्यांना तिरके ठेवतात. धागे बारीक असले की त्यांच्यामधले रबरही कमी लागते आणि टायर पातळ होतो. परीक्षा सोपी आहे. टायर रिमवरून काढून जमिनीवर ठेवावा. तो स्वतःच्या पायावर गोल उभा राहिला तर राठ; टॉवेलसारखा गळून पडला तर लवचिक. दूधवाल्याचा टायर नेमका इथे नापास होतो. रुंदी चाळीसची, पण अंग नव्या कोल्हापुरी चपलेचे. चप्पल निदान तेल पाजून मऊ होते. टायरला तेल पाजले तर रबर खराब होते.

आता मापे. सायकलच्या व्यवहारात सर्वांत जास्त भांडणे इथे होतात आणि त्यात दोन्ही पक्ष बरोबर असतात. दुकानात ‘२८ नंबर’ मागितला तर दांडीच्या सायकलचा टायर मिळतो. त्याच्या रिमचा बैठकव्यास, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला व्यास, ६३५ मिलिमीटर. रोड बाइकवर ७०० सी लिहिलेले असते. तिचा व्यास ६२२. मोठ्या चाकाच्या माउंटन बाइकवर २९ लिहिलेले असते, तिचाही ६२२. थोडक्यात, ७०० आणि २९ एकच, आणि २८ ची रिम २९ च्या रिमपेक्षा मोठी. सव्वीसचा गोंधळ याहून पुढचा आहे. माउंटन बाइकचे २६ म्हणजे ५५९, तर २६ × १⅜ म्हणजे ५९०. अमेरिकेतला सायकल-तज्ज्ञ शेल्डन ब्राउन याने यावर नियमच सांगितला: दोन टायरांची मापे गणिताने सारखी, पण एक दशांशात आणि दुसरे अपूर्णांकात लिहिलेले असेल, तर ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २६ × १.७५ ची रिम ५५९ आणि २६ × १¾ ची ५७१. शाळेत १.७५ म्हणजे पावणेदोन असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. सायकलच्या दुकानात त्याला टायर परत करायला जावे लागते. म्हणून टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेला जोडआकडा वाचावा, उदाहरणार्थ ४०-६२२. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात मन मोठे करता येते.

मन किती मोठे करायचे हे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, ठरवतो. टायर आणि सायकलचा सांगाडा यांच्यात सगळीकडून निदान चार मिलिमीटर मोकळी जागा हवी: फोर्कच्या दोन पायांमध्ये, फोर्कच्या डोक्याखाली, मागे पेडलजवळच्या दोन नळ्यांमध्ये आणि ब्रेकखाली. चार मिलिमीटरची पट्टी शोधायला लांब जावे लागत नाही. चार नंबरची ॲलन की प्रत्येक सायकलवाल्याकडे असते. ती चोहीकडे मोकळी फिरली तर पास. मोजमाप नेमके हवे असेल तर व्हर्निअर उत्तम, आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी शेजारी असल्याने लेथवर काम करणारा कोणीतरी नातलग निघतोच. टायरची खरी रुंदी रिमवरही अवलंबून असते. आतून रुंद रिमवर तोच टायर आणखी पसरतो आणि हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत थोडा फुगतोही. म्हणून पहिल्या दिवशी बसलेला टायर तिसऱ्या दिवशी फोर्कला घासू लागतो आणि त्याचे खापर टायर बसवणाऱ्यावर फुटते.

चार मिलिमीटर ही कोरड्या ऋतूतली रक्कम आहे. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरची काळी माती टायरला चिकटते, फोर्कपर्यंत वर जाते आणि मडगार्डखाली घट्ट बसते. मग सायकल चालत नाही, माणूस चालतो. थोड्या वेळाने सायकल माणसाच्या खांद्यावर चालते. दांडीच्या सायकलींना फोर्क आणि टायर यांच्यात बोट जाईल एवढी फट असायची, ती कारखान्याच्या उधळेपणामुळे नव्हे. तरीही चिखलाच्या दिवसांत मडगार्ड काढून घरात टांगले जाई आणि काठीने माती उकरायचे काम कॅरिअरवर बसलेल्याकडे असे.

जागा कमी पडली की परिसरातून एक उपाय सुचवला जातो: ‘जरा घासून घेऊया की फोर्क, कळतंय कुणाला!’ कळते ते उतारावर. फोर्कची नळी पातळ असते. ती घासणे, ठोकणे किंवा वाकवणे हा टायर बसवण्याचा प्रकार नव्हे. योग्य उपाय दोन. एक, कमी रुंदीचा टायर घेणे. दुसरा, लहान रिम. ७०० सी चाकावर २८ मिलिमीटरचा टायर असेल तर पूर्ण चाकाचा व्यास ६२२ अधिक दोनदा २८, म्हणजे ६७८. रिम ६५० बी, म्हणजे ५८४ व्यासाची घेतली आणि तिच्यावर ४७ मिलिमीटरचा टायर चढवला, तर ५८४ अधिक दोनदा ४७, म्हणजे पुन्हा ६७८. चाक तेवढेच, टायर दीडपटीहून जाड. मात्र टायर नळ्यांमध्ये आडवा मावतो का ते आधी मोजावे. शिवाय ब्रेक डिस्कचे असतील तरच हे सुखाचे. रिमवर चिमटणारा ब्रेक असेल तर रबराचे गुटके १९ मिलिमीटर खाली आणावे लागतात आणि बहुतेक ब्रेकचे हात तेवढे लांब नसतात.

प्रत्यक्ष जोडणीला वेळ कमी आणि प्रेक्षक जास्त लागतात. सायकल उलटी करून ठेवली की शेजारी, शेजाऱ्याचा पाहुणा आणि जाता-जाता थांबलेला एक अनुभवी गृहस्थ जमतात. कृती अशी: रिमवरची पट्टी सरळ आहे ना पाहावे. टायरची एक कड रिममध्ये बसवावी. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून ती गोल करून आत सरकवावी. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटचा घास अंगठ्यांनी चढवावा. इथे अनुभवी गृहस्थ टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, पुढे करतात. टॉमीने टायर लवकर चढतो आणि ट्यूब चिमटून लवकर फुटतेही. शेवटी टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे की नाही ते चाक फिरवून बघावे. लवचिक टायर वेडावाकडा बसण्यात पटाईत असतो. ‘चाकाचा आऊट काढायला पायजे’ असे मत या वेळी येते. आऊट, म्हणजे वाकडेपणा, बहुधा चाकात नसतो, टायर बसण्यात असतो. हवा सोडून, दाबून, पुन्हा भरली की जातो.

यानंतर हवा, म्हणजे वादाचा मूळ विषय. टायरच्या कापडावरचा ताण दाब आणि टायरची जाडी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा कापडाला जेवढी ताणते, तेवढीच ४६ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० पीएसआय ताणते. म्हणून रुंद टायरमध्ये शंभर भरणे म्हणजे ताकद नव्हे. रिम फाकण्याची किंवा टायर उडण्याची ती तयारी. साधारण सत्तर किलोच्या माणसाला २३ साठी शंभर, २८ साठी पंचाहत्तर, ३२ साठी साठ, ४० साठी चाळीस-पंचेचाळीस आणि माउंटन बाइकच्या ५४ साठी पंचवीस-तीस एवढा दाब पुरतो. शेवटचा आकडा मोटारसायकलच्या टायरजवळ जातो, हे ऐकून सायकलवाल्याला बरे वाटते आणि गॅरेजवाल्याला पटत नाही.

गॅरेजमधला संवाद ठरलेला आहे. ‘किती मारू?’ ‘चाळीस.’ ‘सायकलला चाळीस? दगड करतो की, पळंल मस्त.’ त्यातच रोड बाइकचा व्हॉल्व्ह बारीक फ्रेंच पद्धतीचा असतो. टोकाचा नट सैल केल्याशिवाय तो हवा घेत नाही आणि कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेची छोटी टोपी मिळते. ती खिशात ठेवावी, कारण ती नेहमी घरीच राहते. हवा तपासायला अंगठा दाबण्याची पद्धत सर्वत्र आहे. पण कडक भिंतीचा टायर निम्म्या हवेतही अंगठ्याला घट्ट लागतो आणि लवचिक टायर पूर्ण हवेतही नमतो. घड्याळाचा पंप हाच खरा साक्षीदार.

अमेरिकेतल्या फ्रँक बर्टो याने टायरच्या दबण्याचे प्रमाण मोजून एक सोयीचा मापदंड दिला: माणूस बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के कमी व्हावी. चाळीसच्या टायरसाठी हे सहा मिलिमीटर होतात. टपरीवरच्या मंडळींना लांबून दिसतात ते हेच सहा मिलिमीटर.

या टायरला शत्रू दोन. पहिला बाभळीचा काटा. बांधावरची कुपाटी छाटली, की चार दिवस रस्ता काट्यांचा असतो. दुसरा सराटा; तो जमिनीला चिकटून वाढतो आणि कसाही पडला तरी एक टोक वर ठेवतो. दूधवाल्याच्या जाड टायरला सराटा म्हणजे गुदगुली. तलम टायरला पंक्चर. यावर उपाय ट्यूबलेस; अट एवढीच, की रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले असावेत. आत रबराच्या चिकाचे पांढरे द्रावण ओततात. भोक पडले की ते बाहेर धावून गोठते. दिसायला ते थेट दूध दिसते. गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना असलेल्या गावात टायरलाही दूध पाजतात, हे ऐकून जुन्या मंडळींना जगाच्या प्रगतीचे वाईट वाटते. उन्हाळ्यात हे द्रावण काही महिन्यांत सुकते. पुन्हा पाजावे लागते.

माउंटन बाइकवर बदल सर्वांत सोपा आणि फायदा सर्वांत ठळक. फोर्क आधीच ऐसपैस असतो, म्हणून मोजामापी कमी. गठ्ठेवाला टायर काढून त्याच रुंदीचा गुळगुळीत, लवचिक टायर चढवला, की डांबरावरची भुंग्यासारखी घूंघूं बंद होते. गुळगुळीत टायर पावसात घसरतो ही समजूत मोटारीवरून आलेली आहे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असल्याने नेहमीच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही. चिखलात मात्र गठ्ठे हवेतच. पन्हाळ्याच्या पायवाटेवर जाणाऱ्याने ते जपून ठेवावेत.

एक काम बहुतेक जण विसरतात. हँडलवरच्या मीटरला चाकाचा परीघ सांगावा लागतो: ७०० × २३ चा २०९६ मिलिमीटर, ७०० × ४० चा सुमारे २२००. आकडा बदलला नाही तर दोनशे किलोमीटर चालवूनही मीटर १९० च्या आसपास दाखवतो. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करण्याच्या ब्रेव्हेला निघालेल्याने हे आदल्या रात्री करावे, कारण उरलेले दहा किलोमीटर मीटरसाठी कोणी पुन्हा चालवत नाही.

तेव्हा ज्या सायकलमध्ये जागा आहे तिला मावेल तेवढा रुंद आणि परवडेल तेवढा लवचिक टायर घालावा. जिच्यात २८ पुढे काही मावत नाही तिला २८ घालून स्वस्थ बसावे. दूधवाल्याच्या सायकलला काही करू नये. तिचे काम चालू आहे. बाकी रस्त्यावरची सूचना थांबण्याची शक्यता नाही. सहा मिलिमीटर दबलेला टायर म्हणजे बरोबर हवा, पूर्ण चपटा म्हणजे पंक्चर. ‘हवा कमी हाय!’ दोन्ही वेळा सारख्याच आवाजात ऐकू येते. म्हणून दर वेळी एकदा खाली वाकून बघावे.